बुडीत खात्यातले रूबल

नाणं पाडणाऱ्याची इच्छा एकच असते, नाणं चालावं. ते हातोहात फिरावं, झिजावं आणि बाजारात कुणी त्याच्याकडे दुसऱ्यांदा वळून बघू नये. नाणी जमवणाऱ्याची इच्छा नेमकी उलटी. नाणं चाललेलं नसावं, झिजलेलं तर मुळीच नसावं, आणि शक्य असेल तर ज्या सरकारनं ते काढलं त्याच सरकारनं ते घाईघाईनं परत मागवलेलं असावं. त्यामुळे राज्यकर्त्याचं जेवढं हसं, तेवढं संग्राहकाचं सुख, असा या छंदाचा साधा हिशोब आहे. आता हसं करून घेण्याची सोय सगळ्याच देशांना असते. पण रशियानं तीनचारशे वर्षं या बाबतीत जे सातत्य दाखवलं, त्याला तोड नाही. जुनी रशियन नाणी गोळा करणं म्हणजे फसलेल्या हुकमांचं दफ्तर सांभाळणं, असं माझं म्हणणं आहे. आणि त्यातून आणखी एक गोष्ट निघते. चाललेलं नाणं मुकाट्यानं पाव विकत घेतं. फसलेल्या नाण्याला मात्र खुलासा लागतो, आणि खुलाशाला ऐकणारा लागतो. म्हणून तिकिटांचा किंवा काडेपेट्यांचा छंद एकट्यानं निभेलही, रशियन नाण्यांचा निभत नाही.

सुरुवातच बघा. चौथा इव्हान लहान होता तेव्हा त्याची आई येलेना ग्लिन्स्काया कारभार बघत असे. 1535 च्या सुमारास तिनं चांदीचा कोपेक सुरू केला. चांदीची तार ओढायची, तिचे तुकडे तोडायचे, ते चेपायचे आणि दोन ठशांमध्ये धरून वर हातोडा हाणायचा. ठसा तुकड्यापेक्षा मोठा. त्यामुळे एका नाण्यावर घोडेस्वाराचं डोकं येई, दुसऱ्यावर घोड्याचे पाय, आणि झारचं नाव तर जेवढं मावेल तेवढंच. वजन 0.68 ग्रॅम, पहिल्या पीटरच्या काळापर्यंत ते 0.28 ग्रॅमवर आलं. संग्राहक याला सरळ ‘खवले’ म्हणतात. ही माशाच्या खवल्याएवढी संपत्ती हातातून निसटू नये म्हणून लोक ती तोंडात ठेवत. 1630 च्या दशकात मॉस्कोला गेलेला अॅडम ओलिअरियस हा जर्मन प्रवासी लिहून गेला आहे की, मॉस्कोची माणसं माल तपासताना पन्नासेक कोपेक गालात भरून ठेवतात आणि तरीही घासाघीस करतात, ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आज हेच कोपेक चिमट्यानं उचलून, श्वाससुद्धा बाजूला सोडून, भिंगाखाली पाहिले जातात. त्यांचा पूर्वीचा मुक्काम कुठे होता हे सांगणारा कुणी शेजारी बसला असेल तरच त्या भिंगाला काही अर्थ आहे.

पुढे झार अलेक्सेईला मोठ्या नाण्याची गरज वाटली. 1654 मध्ये त्यानं पश्चिम युरोपातली थालर नावाची चांदीची मोठी नाणी घेतली, त्यांवर आपला ठसा मारला आणि त्यांना रूबल, म्हणजे शंभर कोपेक, असं नाव दिलं. पण एका थालरात चांदी होती चौसष्ट कोपेकांची. उरलेले छत्तीस कोपेक प्रजेनं श्रद्धेनं भरून काढावेत अशी अपेक्षा होती. प्रजेची श्रद्धा देवाधर्मापुरती होती, चांदीपर्यंत पोचत नव्हती. दुसऱ्याच वर्षी तसल्याच थालरांवर छोटासा शिक्का आणि 1655 हे साल उमटवून ते चौसष्ट कोपेकांना चालवले गेले. म्हणजे सरकारनं आपली चूक धातूवर, तारखेसकट, कबूल केली. त्याच सुमारास तांब्याचे कोपेक चांदीच्या भावानं काढले गेले. सरकार पगार देई तांब्यात आणि कर घेई चांदीत. या व्यवहारातली गंमत फक्त सरकारलाच कळत होती. 1662 च्या उन्हाळ्यात मॉस्कोत दंगल झाली, ती झारनं निर्दयपणे मोडली, आणि पुढच्या वर्षी तांब्याचे कोपेक मुकाट बंद केले. आता त्या वर्षांतला एक तांब्याचा कोपेक तळहातावर ठेवला तर तो दिसायला अगदीच गरीब दिसतो. दंगलीची हकीकत कुणी सांगितली नाही, तर तो गंजलेल्या टाचणीचा तुकडा म्हणून केरात जाईल.

पहिल्या पीटरला न्याय द्यायला हवा. 1704 मध्ये त्यानं शंभर कोपेकांचा रूबल पाडला आणि जगाला पहिली दशमान नाणेपद्धती दिली. भारतानं हे काम 1957 मध्ये केलं, त्यावरून पीटरची झेप लक्षात येते. पण संग्राहकांच्या बैठकीत पीटरचं नाव निघालं की दशमानावर कुणी दोन मिनिटंही बोलत नाही. बोलणं दाढीवर जातं. पीटरनं दाढीवर कर बसवला होता. श्रीमंत व्यापाऱ्याला वर्षाला शंभर रूबल, दरबाऱ्याला साठ, आणि शेतकऱ्याला गावात दाढी फुकट, पण शहराच्या वेशीतून आत शिरताना आणि बाहेर पडताना एकेक कोपेक. कर भरला की पावती म्हणून तांब्याचा बिल्ला मिळे. 1705 सालच्या त्या बिल्ल्यावर नाक, मिशी आणि दाढी आहे. डोळे आणि कपाळ नाही. कर ज्यावर आहे तेवढंच दाखवायचं, असा चोख कारकुनी बाणा! वर लिहिलंय, ‘पैसे घेतले.’ हे नाणं म्हणायचं की पावती, यावर संग्राहकांत वाद आहे. वाद मिटावा अशी कुणाचीच इच्छा नाही, कारण मिटला तर पुढच्या बैठकीला करायचं काय? हा कर 1772 मध्ये रद्द झाला. दाढ्या टिकल्या.

पीटरनंतर त्याची बायको पहिली कॅथरीन गादीवर आली. चांदी कमी, तांबं उदंड, म्हणून 1725 ते 1727 या काळात येकातेरिनबुर्गला तांब्याच्या चौकोनी पाट्या पाडल्या गेल्या. एका रूबलाची पाटी 1.6 किलो वजनाची. दहा रूबलांची उसनवारी फेडायला निघालेल्या माणसाच्या डोक्यावर सोळा किलो तांबं. अशा अर्थव्यवस्थेत कर्ज घेणाऱ्यापेक्षा वसूल करणाऱ्याचीच दया येते. या प्रयोगातून शहाणपण येईल असं वाटलं असेल, तर दुसरी कॅथरीन आहेच. तिनं 1769 मध्ये कागदी नोटा काढल्या आणि त्यांच्या पाठीशी खराखुरा तांब्याचा रूबल उभा करायचं ठरवलं. सेस्त्रोरेत्स्कला जो नमुना तयार झाला तो सुमारे एक किलोचा, सात-साडेसात सेंटीमीटर व्यासाचा गोल ठोकळा होता. तो पाडताना यंत्रांचीच कसोटी लागली आणि बेत थोड्या नमुन्यांवर आटोपला. म्हणून आज तो दुर्मीळ आहे. चालला असता तर रशियातल्या प्रत्येक घरात दाराला टेकू म्हणून सापडला असता.

यावर एक रास्त आक्षेप येईल. फसलेली नाणी महाग, हे ठीक. पण जी उत्तम चालली तीही लोक जमवतातच की. सम्राज्ञी एलिझाबेथ आणि दुसरी कॅथरीन यांच्या काळातला तांब्याचा पाच कोपेक हे याचं उदाहरण. एक्कावन्न ग्रॅमचा दणकट गोळा, दशकानुदशकं चालला, आजही भरपूर सापडतो. खरं आहे. पण संग्राहक त्यात काय शोधतो ते बघा. 1762 मध्ये तिसरा पीटर आला आणि त्यानं ठरवलं की याच पाच कोपेकांवर ढोल, झेंडे आणि तोफा छापून त्यांना दहा कोपेक म्हणायचं. सहा महिन्यांत त्याच्या बायकोनं, म्हणजे याच दुसऱ्या कॅथरीननं, त्याला गादीवरून खाली ओढलं, आणि ती नाणी पुन्हा पाच कोपेकांची केली गेली. 1796 मध्ये त्याच बाईच्या दरबारात कुणाला तरी तीच कल्पना नव्यानं सुचली. पुन्हा पाचाचे दहा व्हायला लागले. वर्ष संपायच्या आत ती वारली, मुलगा पावेल गादीवर आला आणि आईचं केलेलं मोडायचं या एकाच धोरणानं त्यानं दहाचे पुन्हा पाच केले. तेही आईच्याच जुन्या ठशांनी. त्यामुळे 1797 मध्ये पाडलेल्या नाण्यावर 1793 हे साल आहे, आणि त्या सालाखालून 1796 ची अक्षरं डोकावतात. नुसता पाच कोपेक ढिगातून उचलावा आणि ढिगात टाकावा. पण डोकावणारं अक्षर दिसलं की संग्राहक त्याच ढिगापुढे मांडी घालून बसतो. शिवराईवरच्या अक्षरांतली ऱ्हस्व-दीर्घाची गडबड शोधत बसणारा आपल्याकडचा माणूस ही बैठक चटकन ओळखेल. चाललेल्या नाण्यातही माणसं न चाललेलाच भाग शोधतात, तेव्हा आक्षेप घेणाऱ्यानं माझीच बाजू मांडली, याबद्दल त्याचे आभार.

काही वेळा हुकूम नाही, माणूसच फसला. सहावा इव्हान 1740 मध्ये सम्राट झाला तेव्हा दोन महिन्यांचा होता. टाकसाळीनं त्याच्या रूबलावर डोक्याला पानांचा मुकुट आणि अंगात चिलखत घातलेली मूर्ती काढली. दुपट्यातला सम्राट काढण्याची पद्धत नव्हती. वर्षभरात एलिझाबेथनं त्याला हटवलं आणि त्याच्या नावाची नाणी परत मागवून वितळवली. ती जवळ बाळगणं हा पुढे गुन्हाच ठरला. 1825 ची गोष्ट तर आणखी सरस. पहिला अलेक्झांडर वारला. सगळ्यांना वाटलं, धाकटा भाऊ कॉन्स्टंटिन आता झार. कॉन्स्टंटिननं गादी आधीच गुपचूप सोडली होती, पण हे गुपित इतकं नीट सांभाळलं गेलं होतं की टाकसाळीला कळलंच नाही. अर्थमंत्री कांक्रिनच्या देखरेखीत कॉन्स्टंटिनच्या चेहऱ्याचे रूबल घाईनं तयार झाले. तेवढ्यात दुसरा भाऊ निकोलाय गादीवर बसला, डिसेंबरातलं बंड मोडलं, आणि हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे ते रूबल मंत्र्याच्या गुप्त दफ्तरात अनेक दशकं कुलूपबंद राहिले. जो झार राज्यावर बसलाच नाही त्याचा रूबल हे रशियन नाण्यांचं शिखर मानलं जातं. तीसतीस वर्षं राज्य करून लाखो नाणी पाडणाऱ्यांना हा मान नाही. या एका नाण्यावर लेनिनग्राडच्या हर्मिटाज संग्रहालयातले नाणेतज्ज्ञ इव्हान स्पास्की यांनी 1964 मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं.

याच कांक्रिन महाशयांनी 1828 मध्ये प्लॅटिनमची नाणी काढली. उरल पर्वतात प्लॅटिनम सापडलं होतं आणि त्याचं करायचं काय, हे कुणाला सुचत नव्हतं. हुम्बोल्टसारख्या शास्त्रज्ञानं, विचारल्यावरून, हा नाद करू नका असं कळवलं होतं. सल्ला विचारायचा आणि उलट करायचं ही सरकारी रीत रशियातही होती. नाणी निघाली ती तीन, सहा आणि बारा रूबलांची. त्यांचा आकार अनुक्रमे चांदीच्या पाव, अर्ध्या आणि एका रूबलाएवढाच. अंधारात बारा रूबल देऊन एका रूबलाचा माल घरी आणायची उत्तम सोय झाली. 1845 मध्ये ही नाणी बंद झाली. पुढे 1897 मध्ये अर्थमंत्री वित्तेनं रूबल सोन्याला बांधला, तेव्हा जुन्या दहा रूबलांच्या सोन्याचे पंधरा रूबल झाले आणि पाचाचे साडेसात. साडेसात रूबलांचं सोन्याचं नाणं हातात घेऊन सुटे मागणाऱ्याची कल्पना करा. मग 1902 मध्ये साडेसदतीस रूबलांचं नाणं निघालं, कारण तेवढ्यात फ्रान्सचे शंभर फ्रँक होत आणि नाण्यावर तसं लिहिलेलंही आहे. स्वतःच्या पैशाची किंमत दुसऱ्याच्या पैशात सांगणारं हे नाणं अगदी थोडं पाडलं गेलं, हे उघडच आहे.

आता व्यवहारी वाचकाचा आक्षेप. हे सगळं ठीक, पण लोक नाणी जमवतात ती पैशासाठी. चुकांच्या प्रेमापोटी नाही. पैशासाठी जमवणारे आहेतच, आणि त्यांच्यासाठी दुसऱ्या निकोलायचे सोन्याचे पाच आणि दहा रूबल आहेत. लाखोंनी पाडलेले, सोन्याच्या भावानं विकले जाणारे, तिजोरीत ठेवले की संपलं. ते ठेवणाऱ्याला कुणी भेटायला येत नाही, आणि आलेलं त्याला आवडतही नाही. दुर्मीळ नाण्याचं तसं नसतं. त्याची किंमत ते ज्याला हवंय अशा दुसऱ्या माणसावर अवलंबून असते, आणि त्याला ते हवंसं वाटायचं असेल तर त्याला गोष्ट माहीत हवी. म्हणजे गुंतवणूक करणाऱ्यालाही शेवटी गोष्टच सांगावी लागते. फक्त तो ती वाईट सांगतो.

दुसरा आक्षेप तिखट आहे. संग्राहक एकत्र जमतात ते ज्ञान वाटायला नव्हे, मिरवायला. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि त्यात बिघडलं काय असं विचारतो. मिरवायचं म्हटलं की नाणं समोर ठेवावं लागतं. ते समोर आलं की चारपाच भिंगं खाली वाकतात आणि त्यांपैकी एक तरी आनंदानं सांगतं की हे अस्सल नाही. रशियन नाण्यांत हे फारच होतं, कारण इथे खोटं नाणं पाडणाऱ्यांत खुद्द सरकारी टाकसाळ होती. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात बड्या लोकांच्या हौसेखातर ती जुन्या किंवा नव्या ठशांनी जुन्या सालाची नाणी पाडून देई. यांना ‘नोवोदेल’ म्हणतात. चोर तोच, पोलीस तोच, आणि पावतीही सरकारी. हा धंदा 1890 मध्ये बंद झाला, तो पहिल्या निकोलायचा नातू ग्रँड ड्यूक गेओर्गी मिखाइलोविच यांच्या प्रयत्नांनी. ते स्वतः मोठे संग्राहक, तेव्हा बाजारात नवी ‘जुनी’ नाणी येत राहणं त्यांना परवडणारं नव्हतं. पण स्वार्थावर ते थांबले नाहीत. 1888 पासून 1914 पर्यंत त्यांनी रशियन नाण्यांचे जाडजूड खंड, टाकसाळीच्या कागदपत्रांसकट, छापून काढले. आजही अभ्यासक त्यांवाचून पुढे सरकत नाही. 1919 च्या जानेवारीत त्यांना पेत्रोग्राडच्या किल्ल्यात गोळ्या घातल्या गेल्या. त्यांचा संग्रह परदेशी गेला. त्याचा एक हिस्सा अमेरिकेत 1967 मध्ये सशस्त्र दरोड्यातही सापडला. मोठा भाग आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहे. नाणी इतकी हिंडली, पण त्यांच्याबद्दल जे छापलं होतं ते कुणाला चोरता आलं नाही. मिरवण्यातून एवढं निघत असेल तर माणसांनी अवश्य मिरवावं.

तिसरा आक्षेप राजकारणाचा आहे. झार लहरी होते म्हणून त्यांची नाणी फसली. लोकांचं राज्य आलं की हा छंद संपला. दुर्दैवानं, किंवा सुदैवानं, तसं झालं नाही. सोव्हिएत चिल्लरवर राजचिन्हातल्या कणसांभोवती फिती गुंडाळलेल्या आहेत, प्रजासत्ताकं जितकी तितके वेढे. 1937 च्या नाण्यावर अकरा, 1948 च्या नाण्यावर सोळा, 1957 च्या नाण्यावर पंधरा. मधल्या काळात कारेलो-फिनिश प्रजासत्ताकाचा दर्जा उतरवला गेला होता. म्हणजे भूगोलाचं पुस्तक न उघडता, पंधरा कोपेकांच्या नाण्यावर भिंग धरून देशाचं काय चाललंय हे मोजता येत होतं. आणि 1961 चा तो प्रसंग. जुन्या दहा रूबलांचा नवा एक रूबल झाला, पण एक, दोन आणि तीन कोपेकांची नाणी बदलून देण्यापेक्षा होती त्याच किमतीला राहू दिली. ज्यांनी बँकेत नोटा ठेवल्या त्यांच्या आकड्यातलं एक शून्य गेलं. ज्यांच्या घरी चिल्लरची बरणी होती त्यांची बरणी रातोरात दसपट झाली. नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेत याहून अनियोजित सुख कुणाला मिळालं नसेल.

शेवटचा प्रश्न मराठी वाचकाचा, की आपल्याला त्याचं काय? आपल्याला एवढंच, की सरकारं सगळीकडे नाणी यशासाठी पाडतात आणि यशाची नोंद स्वतःच ठेवतात. त्यासाठी पुतळे आहेत, पाठ्यपुस्तकं आहेत. फसलेल्या हुकमाची नोंद ठेवणारं मात्र कुठलंही खातं नाही. ते काम भिंग घेऊन बसलेली ही फुकटी माणसं करतात, तीही एकमेकांशी भांडत, एकमेकांची नाणी खोटी ठरवत. मला हे काम मोलाचं वाटतं. तेव्हा कुणाच्या कपाटात एखादा काळवंडलेला कोपेक सापडला तर त्याला चिंच आणि मीठ लावून लख्ख करू नका. झळाळी येईल, पण किंमत आणि इतिहास दोन्ही धुऊन निघतील. तो तसाच कुणा जाणकाराकडे न्या. तासभर मोकळा ठेवा, कारण माणूस बोलत सुटेल. आणि तो ‘हे नोवोदेल आहे’ असं म्हणालाच, तर वाईट वाटून घेऊ नका. सरकारनं स्वतः केलेली नक्कल तुमच्या घरी आहे, आणि ती कुणाला दाखवावी एवढी गोष्ट तिलाही आहेच.